बॉन शहरातील बारा दिवसांचे बिऱ्हाड

परदेशप्रवासाची वर्णने लिहिणारे लोक बहुधा मोठी शहरे, मोठे पूल आणि मोठी माणसे पाहून आलेले असतात. प्रस्तुत लेखकाची तशी योग्यता नाही. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण, त्यापुढे एका शास्त्रीबुवांच्या पायाशी बसून मिळविलेले थोडेबहुत संस्कृत, आणि तेच संस्कृत छत्तीस वर्षे शाळेतील मुलांना शिकवून घेतलेली निवृत्ती, एवढीच आमची शिदोरी. २०२३ सालच्या मे महिन्यात जर्मनीतील बॉन या शहरी बारा रात्री राहण्याचा योग आला, आणि त्या बाराही रात्री आम्ही एकाच लहानशा हॉटेलात काढल्या. त्या हॉटेलाची हकीकत वाचकांस सांगावी असे वाटते. कारण आमच्या घरातील एका तंट्याचा निकाल तेथे लागला. तेव्हा आधी तो तंटा सांगणे प्राप्त आहे.

आमचे मूळ घर कोकणात, गुहागर तालुक्यात. पुढे ओटी, मधे माजघर, मागे पडवी, भोवती नारळी-पोफळीची वाडी, आणि रात्री निजानीज झाली म्हणजे समुद्राची गाज ऐकू यावी इतका समुद्र जवळ. धाकटे बंधू व भावजय तेथे असतात. आम्ही उभयता नोकरीच्या निमित्ताने पुण्यास आलो ते पुण्याचेच झालो. अलीकडे त्या किनाऱ्याने घरोघर ‘घरगुती जेवणाची व राहण्याची सोय’ अशा पाट्या लागल्या आहेत. शासनाच्या पर्यटन महामंडळानेही ‘निवास व न्याहारी’ या नावाची एक योजना काढली आहे. बंधूंचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, बॉन येथे नोकरीस आहे. आपल्या घरातील तीन खोल्या वर्षातील अकरा महिने कुलूपबंद असतात, त्या दुरुस्त करून प्रवाशांस भाड्याने द्याव्या, खर्च मी करतो, असे त्याने पत्राने सुचविले. बंधूंची संमती होती. आम्ही मात्र साफ नकार दिला.

नकाराला आधार शास्त्राचा होता असे आम्ही समजत होतो. ब्राह्मणाने विकू नयेत अशा पदार्थांच्या यादीत मनुस्मृतीने शिजविलेले अन्नही घातले आहे. अतिथीला देव मानावे ही तैत्तिरीय उपनिषदाची शिकवण तर आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेतली. “आपल्या ओटीवर आलेल्याला आजवर पान वाढले, आता दरपत्रक वाढायचे काय?” असे आम्ही फोनवर बोलून गेलो. बंधूंनी उलट उत्तर केले नाही. “बरे दादा,” एवढेच म्हणाले. परंतु त्यानंतर फोन कमी झाले. पुढे गणपतीत आम्ही गावी गेलो, तेव्हा दोघे सख्खे भाऊ एका पंक्तीत बसलो आणि मीठ-लोणच्यापलीकडे आमचे काही बोलणे झाले नाही.

पुढच्याच वर्षी पुतण्याचे आग्रहाचे आमंत्रण आले. “काका-काकूंनी एकदा तरी येऊन जावे, काकांच्या संस्कृताचे माहेर येथे आहे,” असे त्याने लिहिले होते. त्याचे स्वतःचे बिऱ्हाड एका खोलीचे, त्यामुळे आमची सोय त्याने पाच मिनिटांच्या वाटेवरील एका हॉटेलात केली होती. ‘हॉटेल’ हा शब्द ऐकून सौभाग्यवतीने मेतकूट, पोहे, भाजलेले शेंगदाणे, साबुदाणा आणि वेलदोड्यांची पुडी अशी जय्यत तयारी केली. आमच्या डोळ्यांपुढे संगमरवरी जिने आणि गणवेशातील नोकर उभे राहिले होते.

फ्रांकफुर्टच्या विमानतळावरून आगगाडीने सीगबुर्ग व तेथून ट्रामगाडीने बॉन असा प्रवास झाला. शहराच्या दक्षिण भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील घरांच्या रांगाच्या रांगा आजही उभ्या आहेत. एकमेकींस खेटलेली तीनचार मजली घरे, दर्शनी भिंतींवर गिलाव्याची वेलबुट्टी, आणि पुढे हातभर बाग. अशाच एका घरापुढे पुतण्या थांबला. दारावर वीतभर पितळी पाटी नसती तर ते हॉटेल आहे हे कोणास कळलेही नसते. घंटा वाजविली, तेव्हा पांढरे केस मागे घट्ट बांधलेल्या, कमरेला निळा आप्रन असलेल्या सत्तरीच्या एका बाईंनी स्वतः दार उघडले. याच त्या घराच्या मालकीण. एकंदर खोल्या अकरा. मनुष्यबळ म्हणजे त्या, दुपारनंतर येणारी त्यांची मुलगी, आणि झाडलोटीस येणारी एक बाई. संगमरवरी जिना नव्हता. होता तो लाकडी, अरुंद, आणि पाऊल टाकताच आमच्या कोकणातल्या माळ्याच्या शिडीसारखा कुरकुरणारा.

प्रथम नोंदणीचा कागद पुढे आला. परदेशी पाहुण्याने नाव, जन्मतारीख, पत्ता लिहून सही केली पाहिजे असा तिकडचा कायदा आहे. ते झाल्यावर बाईंनी खिळ्यावरून एक जड किल्ली काढली व “नॉइन” असे म्हणून आमच्या हाती दिली. आम्हांस वाटले, त्या ‘नाही’ म्हणत आहेत. पुतण्या हसून म्हणाला, “काका, नॉइन म्हणजे नऊ.” नव आणि नॉइन! नाम या शब्दाला त्यांच्याकडे ‘नामं’, आणि नव्या वस्तूलाही ‘नॉय’. ज्या भाषेचे एक अक्षर येत नाही तीत आपल्या घरची भांडी मांडलेली दिसावी, तसे आम्हांस झाले, आणि प्रवासाचा अर्धा शीण तेथेच उतरला.

खोली लहान, पण आरशासारखी स्वच्छ. जोडपलंगावर एक मोठे पांघरूण नसून दोन निरनिराळ्या पिसांच्या दुलया घडी घालून ठेवलेल्या. जर्मनीत हीच रीत आहे. “लग्नाला बेचाळीस वर्षे झाल्यावर ही अक्कल कोणाला तरी सुचली,” असा अभिप्राय सौभाग्यवतीने दिला. खिडकीची मूठ एका बाजूस फिरविली तर ती दारासारखी उघडे व दुसऱ्या बाजूस फिरविली तर वरून कलती होऊन वारा आत घेई. खिडकीतून मागच्या अंगणातील चेस्टनटचे एक झाड दिसत होते. त्याचे पांढरे तुरे गळून अंगणभर पसरले होते, आणि ते झाडण्याचे काम सकाळी सहाला स्वतः मालकीणबाई करीत असत.

जेथे निवास आणि सकाळची न्याहारी एवढेच मिळते, दुपारचे वा रात्रीचे जेवण मिळत नाही, अशा हॉटेलास तिकडे ‘हॉटेल गार्नी’ म्हणतात. आमच्या महामंडळाची योजना ती हीच, हे ध्यानात येऊन आम्ही थोडे चपापलो. न्याहारीची वेळ सात ते दहा. दहा वाजले की स्वयंपाकघराचे दार बंद होई. मग कोणी साडेदहास कितीही गोड हसत आला तरी त्यास कॉफीचा पेला मिळे, पाव मिळत नसे. पहिल्या दिवशी हा कडकपणा आम्हांस रुचला नाही. आमच्या घरी रात्री अकराला आलेला पाहुणाही उपाशी निजला नव्हता, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.

आम्ही मांस-मच्छी व अंडी खात नाही हे पुतण्याने आधीच कळविले होते. बाईंनी त्याची नोंद वहीत केली होती. आमच्या मेजावर लोण्याचे वेगळे भांडे व वेगळी सुरी असे, आणि पावांच्या टोपलीतील कोणत्या पावात काय आहे हे त्या बोट ठेवून सांगत. ताजे खरपूस पाव, मध, जांभळ्या-तांबड्या फळांचे मुरंबे, सफरचंदे, आणि ‘क्वार्क’ नावाचा एक पांढरा पदार्थ. तो सौभाग्यवतीने चमच्याच्या टोकावर घेऊन पाहिला आणि उद्गार काढला, “अहो, हा तर चक्का!” दुसऱ्या दिवशी तिने साखर व वेलदोडे घेऊन स्वयंपाकघराकडे मोर्चा वळविला. परंतु पाहुण्याने आत येऊ नये असा आरोग्यखात्याचा दंडक आहे, असे बाईंनी दारातच हात आडवा करून सांगितले. सौभाग्यवती हिरमुसली. तोच त्या आतून एक मोठा वाडगा, चाळणी व लाकडी चमचा घेऊन बाहेर आल्या, सर्व सामान मेजावर मांडले, आणि पदर नसला तरी आप्रन सावरून शेजारी उभ्या राहिल्या. नियम आत राहिला, श्रीखंड बाहेर झाले. त्या दिवशी अकरा खोल्यांतील सर्व पाहुण्यांनी चमचा-चमचा चाखले. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या. दोघींनाही दुभाष्याची गरज पडली नाही.

घराचा इतिहास आम्हांस थोडाथोडा कळत गेला. बाईंची मुलगी इंग्रजी बोले. तिच्या मुखे आईने जो सांगितला तो असा. बाईंच्या सासूबाई महायुद्धात विधवा झालेल्या. १९४९ साली पश्चिम जर्मनीचे सरकार या लहानशा विद्यापीठाच्या गावी आले आणि कारकून, टंकलेखक, वार्ताहर यांची राहण्याची दैना उडाली. तेव्हा सासूबाईंनी मुलांना घेऊन तळघरात बिऱ्हाड हलविले आणि वरच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या. दोनाच्या चार, चाराच्या अकरा झाल्या. सून म्हणून या बाई घरात आल्या तेव्हा त्यांना पहिला धडा मिळाला तो चादरीच्या घड्यांचा. पुढे जर्मनी एक झाला. २० जून १९९१ रोजी तेथील लोकसभेने ३३८ विरुद्ध ३२० मतांनी लोकसभेचे व सरकारचे मुख्य ठाणे बर्लिनला नेण्याचा निर्णय केला, आणि १९९९ साली लोकसभा व सरकारचा मोठा भाग बॉन सोडून गेला. वर्षानुवर्षे दर सोमवारी येणारे आणि शुक्रवारी जाणारे पाहुणे अंतरले. घर विकावे की काय, या विचारात त्या माउलीने एक हिवाळा काढला. परंतु संयुक्त राष्ट्रांची कार्यालये बॉनमध्ये आली. हवामानाच्या प्रश्नावरील कचेरी तर १९९६ पासूनच तेथे आहे. तिच्या बैठकांस देशोदेशींचे लोक येतात. अशा रीतीने घर तरले.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतो.

आमच्या मुक्कामाच्या पहिल्याच शनिवारी रात्री सौभाग्यवतीस थंडी भरून ताप आला. पुतण्या कामानिमित्त परगावी गेलेला. रात्री साडेबाराच्या सुमारास आम्ही गरम पाणी मिळते का पाहावे म्हणून जिना उतरलो. कुरकुरणाऱ्या पायऱ्यांनी आमची वर्दी आधीच दिली होती. बाई अंगावर शाल घेऊन दारात उभ्या होत्या. आम्ही कपाळावर हात ठेवून खूण केली. त्यांनी एका शब्दाने काही विचारले नाही. दहा मिनिटांत गरम पाण्याची रबरी पिशवी, कॅमोमिलच्या फुलांचा काढा आणि तापमापक घेऊन त्या वर आल्या, आणि पलंगाच्या कडेला बसून तो काढा त्यांनी स्वतः चमच्याने पाजला. दुसरा दिवस रविवार. रविवारी त्या देशात दुकाने बंद असतात. औषधांची दुकाने मात्र पाळीपाळीने एकेक उघडे राहते, आणि आज पाळी कोणाची याची सूचना प्रत्येक दुकानाच्या दाराशी लावलेली असते. न्याहारीची आवराआवर मुलीवर सोपवून बाई आमच्याबरोबर निघाल्या. एका बंद दुकानाच्या दारावरील सूचना वाचून, वीस मिनिटे चालून आम्ही योग्य त्या दुकानी पोहोचलो. घंटा वाजविली, दारातील लहान खिडकी उघडली, बाईंनी वय, ताप, नेहमीच्या गोळ्या असे सर्व सांगितले, आणि औषध हाती आले. सुटीच्या दिवसाचा आकार म्हणून अडीच युरो अधिक पडले, तेवढेच.

‘हॉटेल’, ‘हॉस्टेल’ आणि ‘हॉस्पिटल’ हे तिन्ही शब्द लॅटिनमधील ‘होस्पेस’ या एकाच शब्दाच्या वंशातील आहेत, हे आम्ही कोशात वाचले होते. त्या मूळ शब्दाचा अर्थ ‘पाहुणा’ असाही होतो आणि ‘यजमान’ असाही. कोशातील ही गोष्ट त्या रात्री लाकडी जिना चढून आमच्या खोलीत आली.

सोमवारी ताप उतरला. परंतु त्या दिवशी होती वैशाख वद्य एकादशी, आणि सौभाग्यवतीने एकादशी कधी मोडलेली नाही. न्याहारीच्या मेजावर तिने पाव बाजूस सारलेला पाहून बाई चिंताक्रांत झाल्या. तापातून उठलेले माणूस खात नाही म्हणजे काय! आम्ही इंग्रजी, हातवारे व एक चित्र यांच्या साहाय्याने उपवास समजावून दिला. त्यांच्या मुद्रेवर प्रकाश पडला, कारण ईस्टरच्या आधी त्यांच्याकडेही उपवासाचा काळ असतो. गहू चालत नाही, तांदूळ चालत नाही, मग चालते तरी काय? “बटाटा,” सौभाग्यवती म्हणाली. जर्मनीत बटाट्याचे नाव निघावे आणि गृहिणी स्वस्थ बसावी हे संभवत नाही. दुपारी एक वाजता, ज्या वेळी त्या घरात कोणास काहीही मिळत नाही त्या वेळी, बाई उकडलेल्या बटाट्यांची ताटली, दही आणि मीठ घेऊन नऊ नंबरच्या दारी आल्या. जाताना वहीत त्यांनी काही लिहून घेतले. नंतर कळले की पुढची एकादशी केव्हा हे त्यांनी आमच्याकडून विचारून नोंदविले होते, यद्यपि तोवर आम्ही घरी परतणार होतो.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही दोघे ऱ्हाईन नदीच्या काठी जाऊन बसलो. रुंद, करडे, न थांबता उत्तरेकडे जाणारे पाणी. त्यावरून कोळसा व वाळू वाहणाऱ्या लांबलचक नावा जात होत्या. आम्ही बाईंच्या वागण्याची वाखाणणी करीत होतो. “पैसे घेणारे माणूस, पण अतिथिधर्म आपल्यासारखाच पाळते,” असे काहीसे आम्ही म्हणालो.

सौभाग्यवती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आपल्यासारखाच कसा? तुम्ही त्यांची वही पाहिली का? मला काल मुलीने दाखविली. आले किती, गेले किती, आणि तिसऱ्या रकान्यात बाईंची स्वतःची मजुरी. दर महिन्याला आधी ती मांडतात, मग बाकीचा खर्च. सासूबाईंनी घालून दिलेली शिस्त आहे म्हणे. आपली मजुरी आधी लिही, नाहीतर घर तुला खाऊन टाकील, असे त्या म्हणत.”

आम्ही काही बोललो नाही.

“आपल्या कोकणातल्या घरी रात्री अकराला पाहुणा आला तरी जेवून निजला, हे तुम्ही अभिमानाने सांगता. खरेच आहे. पण तुम्ही ओटीवर पाहुण्यांशी बोलत बसलेले असायचात. विझलेली चूल पुन्हा पेटवीत होत्या सासूबाई, आणि त्यांच्या मागून मी, आणि आता धाकटी जाऊ. पुण्य तुमच्या नावावर लागले. आम्हांला कोणी विचारले का, की आज तुला बरे आहे का? या बाई दहाला दार लावतात. म्हणून तर रात्री साडेबाराला त्यांना हसतमुखाने जिना चढता आला.”

बेचाळीस वर्षांत तिने हे कधी म्हटले नव्हते. रागाने म्हटलेले नव्हते, म्हणून ते अधिक लागले. मनूने एकच रात्र राहणाऱ्यास अतिथी म्हटले आहे. एका रात्रीची व्याख्या घालून देताना गृहस्थाश्रमाचा सोशिकपणा किती हे त्या स्मृतिकाराने मनात धरले असेल. आमच्या घरी मामे-मावस नातलग मे महिना-मे महिना राहून जात, आणि त्या सर्वांची पाने एकाच जोडीच्या हातांनी वाढली जात. ते अन्न विकले जात नव्हते हे खरे. परंतु त्याची किंमत कोणीतरी देत होते, आणि ती कोणत्याच वहीत लिहिली जात नव्हती.

मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांत आम्ही जुन्या स्मशानभूमीत गेलो. वाट बाईंनीच कागदावर काढून दिली होती. बीथोवेन याची आई तेथे विसावली आहे, संगीतकार शूमान व त्याची पत्नी क्लारा तेथे आहेत, आणि ज्याच्यासाठी आम्ही गेलो तो आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल हाही तेथेच आहे. १८१८ साली बॉनचे विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा हा पंडित तेथे अध्यापक झाला. देवनागरीचे खिळे त्याने मुद्दाम पॅरिसमध्ये घडवून घेतले, आणि १८२३ साली बॉनमध्ये भगवद्गीतेची संहिता लॅटिन भाषांतरासह छापली. पुढे याच विद्यापीठात हेर्मान याकोबी यांनी १८८९ ते १९२२ पर्यंत संस्कृत शिकविले. वेदांचा काळ ज्योतिषाच्या आधारे इसवी सनापूर्वी चारएक हजार वर्षांच्या आसपास नेणारा सिद्धांत १८९३ साली इकडे लोकमान्य टिळकांनी ‘ओरायन’मध्ये आणि तिकडे याकोबींनी आपल्या निबंधात, एकमेकांवर अवलंबून न राहता मांडला, ही गोष्ट आम्ही वर्गात किती वेळा सांगितली असेल! आजचे पंडित तो काळ मानीत नाहीत. तथापि पुणे आणि बॉन येथील दोन विद्वान एकाच वर्षी एकाच नक्षत्राकडे पाहत होते, याचे कौतुक त्या झाडांच्या सावलीत पुन्हा एकदा वाटले. परत आल्यावर बाईंना श्लेगेलचे नाव सांगितले. त्या म्हणाल्या, “त्याने शेक्सपिअर जर्मनमध्ये आणला, तो आम्ही शाळेत वाचला.” त्याने गीता छापल्याचे त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही पिशवीतील गुटका दाखविला. त्यांनी हात पुसून मगच तो हाती घेतला.

निघण्याच्या आदल्या रात्री हिशोब झाला. बिलात निवासाची रक्कम निराळी, न्याहारीची निराळी, निवासावरील सात टक्के कर निराळा, सर्व स्वच्छ लिहिलेले. शिक्षकाच्या जुन्या खोडीने आम्ही ते दोनदा तपासले. चूक सापडली. काढा, दही-बटाटे आणि त्या रविवारी मोडलेला वेळ यांपैकी काहीच त्यात नव्हते. आम्ही मुलीला तसे सांगितले. तिने आईला विचारले. बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले आणि जर्मनमध्ये एक लहानसे वाक्य म्हटले. मुलीने त्याचा अर्थ सांगितला: “आई म्हणते, खोलीचे भाडे ठरलेले आहे, बाकीचे दरपत्रकात नाही.”

दरपत्रकात नाही! ज्या शब्दाने आम्ही भावाला दुखविले होते तोच शब्द येथे किती निराळ्या अर्थाने कानी पडला. दरपत्रक आहे, म्हणून दराबाहेरचे देणे हे देणे ठरते. जेथे काहीच मांडलेले नाही तेथे सर्वच गृहीत धरले जाते, आणि गृहीत धरलेल्या माणसाच्या हाती दान करण्यासारखे काही उरत नाही. आमच्या भावजयीने आजवर जे केले ते तिने दिले, की तिच्याकडून घेतले गेले, याचा निवाडा आम्ही कधी केला नव्हता.

पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही पुढे आली. आम्ही देवनागरीत चार ओळी लिहिल्या. ज्या गावी दोनशे वर्षांपूर्वी गीतेची देवनागरी अक्षरे छापली गेली, त्या गावी आमचीही चार अक्षरे राहिली. त्यानंतर खोलीत जाऊन, नऊ नंबरच्या लहानशा मेजावर बसून धाकट्या बंधूंस पत्र लिहिले. फोन करता आला असता. परंतु काही गोष्टी लिहूनच सांगाव्या लागतात. चि. बंधूस अनेक आशीर्वाद लिहून आम्ही कळविले की तीन खोल्यांस आमची संमती आहे; मात्र चार अटी आहेत. पहिली, पैशांचे खाते भावजयीच्या नावे असावे व दर महिन्याला तिची मजुरी आधी मांडावी. दुसरी, जेवणाच्या वेळा पाटीवर लिहाव्या, आणि वेळ टळल्यावर चूल पुन्हा पेटू नये. तिसरी, मदतीस पगारी बाई ठेवावी व आठवड्यातून एक दिवस पाहुणे घेऊ नयेत. चौथी, ओटीवरची एक खाट मात्र दरपत्रकाबाहेर ठेवावी. अडल्या-नडल्या वाटसरूस ती एक रात्र मिळावी, आणि ती देण्याचा अधिकार घरातील बाईचा असावा. पत्र सौभाग्यवतीस वाचून दाखविले. तिने “मजुरी” या शब्दाखाली रेघ ओढावयास सांगितली.

सकाळी पुतण्या सामान न्यावयास आला, तेव्हा ते पत्र आम्ही त्याच्या हाती वाचावयास दिले. तो गालातल्या गालात हसला. शहरात एवढी हॉटेले असता याने आम्हांस नेमके हेच घर का निवडून दिले, हा प्रश्न तेव्हा कोठे आमच्या मनात आला. विचारला नाही. सौभाग्यवतीने वेलदोड्यांची उरलेली पुडी बाईंच्या हाती ठेवली. बाईंनी न्याहारीच्या टोपलीतील चार पाव कागदात गुंडाळून दिले, आणि कोणत्या पावात काय आहे हे बोट ठेवून पुन्हा एकदा सांगितले.

त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या गावच्या घरी पहिले पाहुणे उतरले. भावजयीने वहीच्या पहिल्या पानाचे छायाचित्र फोनवर पाठविले. आले किती, गेले किती, आणि तिसऱ्या रकान्यात तिच्या गोल अक्षरांत तिची मजुरी. खाली एक ओळ होती: “दादा, काल रात्री उशिरा एक वृद्ध गृहस्थ आले होते, त्यांना ओटीवरची खाट दिली. चूल पेटविली नाही, दूधपोहे दिले.” त्या पुढच्या गणपतीत आम्ही दोघे भाऊ पुन्हा एका पंक्तीत बसलो, आणि या खेपेस बायकांची पंगत आधी झाली होती.